स्पा नावाचे गाव

हल्ली आपल्या शहरांतून दर चार दुकानांआड ‘स्पा’ अशी पाटी दिसते. आत सुवासिक तेल, मंद संगीत आणि बाहेर पडताना चांगलेच वजनदार बिल! काही विद्वान मंडळी या शब्दाची फोडही करून सांगतात. ‘पाण्याने आरोग्य’ अशा अर्थाच्या तीन लॅटिन शब्दांची ही म्हणे आद्याक्षरे. वाचकहो, ही व्युत्पत्ती मागाहून रचलेली आहे. स्पा हे एका गावाचे नाव आहे. बेल्जियमच्या पूर्वेकडे, आर्देनच्या रानात वसलेले, सुमारे १० हजार वस्तीचे गाव. त्याची कुंडली इतकी विलक्षण आहे, की आज ती तुमच्यापुढे मांडल्यावाचून मला राहवत नाही.

झऱ्यांचे माहात्म्य म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे वाफाळलेली कुंडे येतात. स्पाचे झरे मात्र गार. गावाजवळच्या दलदलीच्या पठारावर पाऊस पडतो, तो खडकांतून हळूहळू झिरपतो आणि वाटेत लोह व कर्बवायू घेऊन वर येतो. त्यामुळे पाण्याला बुडबुडे असतात, चव आंबूस असते आणि लोखंड चाटल्यासारखी जीभ होते. पाणी जिथून वाहते तिथला दगड तांबडा पडतो. आपल्या आज्या लोखंडी कढईत भाजी का करीत, हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना अशक्त माणसे तिथे का धावत, हे निराळे सांगायला नको.

सोळाव्या शतकात या पाण्याची कीर्ती समुद्रापार गेली. १५९६ च्या सुमारास टिमथी ब्राइट या इंग्रज वैद्याने आपल्या देशातल्या हॅरोगेटच्या झऱ्याला ‘इंग्लिश स्पा’ म्हटले. आपण पैठणला किंवा वाईला दक्षिणकाशी म्हणतो, त्यातलाच प्रकार! पुढे अशा गावांची संख्या वाढली आणि विशेषनामाचे सामान्यनाम झाले.

१७१७ साली रशियाचा झार पीटर पोटाचे दुखणे घेऊन इथे आला. पाणी पिऊन त्याला बरे वाटले आणि त्याच्या वैद्याने तसे प्रमाणपत्रच लिहून दिले. गावाला याहून मोठी जाहिरात कोणती हवी? युरोपातले सरदार-दरकदार लोटले. सकाळी झऱ्यावर पेला रिकामा करायचा आणि रानातून पुढच्या झऱ्यापर्यंत चालत जायचे, असा क्रम असे. गुणाचे निम्मे श्रेय त्या चालण्याला द्यावे, असे आपले माझे मत.

पण सकाळचे पाणी झाले, तरी संध्याकाळचे काय? १७६३ मध्ये ‘रेदूत’ नावाचे नृत्य-जुगारगृह उभे राहिले. जुगाराचा मक्ता लिएजच्या धर्माधिपती राजाच्या मर्जीतला. एका प्रतिस्पर्ध्याने स्वतःचा अड्डा काढून त्या मक्त्याला आव्हान दिले. हा तंटा इतका चिघळला, की १७८९ च्या लिएजमधील क्रांतीच्या कारणांत त्याची गणना होते. आजारी माणसांच्या गावातल्या पत्त्यांच्या टेबलावरून राजाचे आसन डळमळावे, याला काय म्हणावे!

मग दिवस फिरले. राज्यक्रांतीच्या धामधुमीत बडे पाहुणे पांगले. १८०७ च्या आगीत गावाचा मोठा भाग जळाला. १८७२ मध्ये जुगारावर बंदी आली आणि त्या पैशाचा ओघ आटला. १९१८ साली पहिल्या महायुद्धात जर्मन सेनेचे मुख्य ठाणे इथे येऊन बसले. कैसर विल्हेल्म इथेच असताना ९ नोव्हेंबरला बर्लिनहून त्याच्या पदत्यागाची घोषणा झाली आणि दुसऱ्या दिवशी त्याने हॉलंडची वाट धरली. एक बादशहा पोट बरे करून गेला, दुसरा राज्य घालवून गेला. झरे दोघांनाही सारखेच वाहताना दिसले असतील.

मला या गावाचे कौतुक वाटते ते मात्र या बड्या पाहुण्यांसाठी नव्हे. पाणी झऱ्याच्या तोंडाशी जन्मत नाही, ते दूरच्या रानात पडलेल्या पावसातून येते, हे तिथल्या लोकांनी वेळेवर ओळखले. १८८९ पासून झऱ्यांभोवतालच्या जमिनीला संरक्षण मिळू लागले आणि पुढे त्याची हद्द वाढत गेली. तिथे कोणी वाटेल ते खणावे, वाटेल ते ओतावे, असे चालत नाही. राजेरजवाडे गेल्यावरही गावाला बाटलीबंद पाण्याचा धंदा उरला तो याच शहाणपणामुळे. गंमत अशी, की त्या बाटल्यांतले सर्वांत नावाजलेले पाणी अगदी कमी खनिजांचे आहे!

२०२१ साली युनेस्कोने युरोपातल्या ११ आरोग्यनगरांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत स्पाही आहे. मान मिळाला तो राजवाड्यांना, उद्यानांना आणि झऱ्यांवरच्या मंडपांनाही. ते सारे हौसेने बांधता आले. आज पुन्हा बांधायचे म्हटले, तर पैसे टाकून बांधताही येईल. पावसाला झऱ्यापर्यंत पोचवणारी जमीन मात्र कुठल्याच गवंड्याला बांधून देता येत नाही. ती राखावी लागते. नाव जगाने उचलून नेले, पण पाणी गावातच राहिले, ते गावाने राखले म्हणून.