‘निसर्गरम्य’ या विशेषणाविषयी

मराठी प्रवासवर्णनाची चर्चा आपण बहुधा शैलीच्या अंगाने करतो. लेखक किती खेळकर आहे, वर्णने किती चित्रमय आहेत, एवढे पाहून समीक्षा थांबते. पाहणारा कोठे उभा राहून पाहतो आणि त्याला दिसणारे दृश्य कोणी घडवले, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. आम्ही चार मित्रांनी मोटारीने श्रीलंकेचा प्रवास केला, तेव्हा या प्रश्नांची निकड आम्हाला फार जाणवली. ‘निसर्गरम्य’ हे आपल्या प्रवासवर्णनांतील सर्वांत आळशी विशेषण आहे, हे आमचे मत त्या रस्त्यावरच पक्के झाले.

कँडी सोडून नुवारा एलियाचा घाट चढू लागले की दोन्ही बाजूंना चहाचे मळे सुरू होतात. ‘हिरवा गालिचा’ ही उपमा गाडीत कोणाच्या तरी तोंडून येतेच. आमच्याही गाडीत ती आली. पण हा गालिचा निसर्गाने अंथरलेला नाही. या डोंगरांवर आधी जंगल होते. ते तोडून इंग्रजी अमदानीत कॉफी लावली गेली. १८६९ मध्ये कॉफीवर तांबेरा पडला आणि पुढे ते मळे उद्ध्वस्त झाले. जेम्स टेलर या स्कॉटिश मळेवाल्याने १८६७ मध्ये चहाची लागवड सुरू केली होती. आता सर्वत्र चहाच आला. मळ्यांवर राबायला दक्षिण भारतातील तमिळ मुलुखातून मजूर आणले गेले. स्वतंत्र सिलोनने १९४८ च्या कायद्याने त्यांतील बहुसंख्यांना नागरिकत्वाबाहेर ठेवले. १९६४ च्या सिरिमावो-शास्त्री कराराने ५ लाख २५ हजार माणसे भारताने आणि ३ लाख सिलोनने घ्यावीत, अशी वाटणी केली. ज्यांची वाटणी झाली त्यांना कोणी विचारले नाही. तेथे उरलेल्या राज्यहीनांना नागरिकत्व देणारा कायदा २००३ मध्ये झाला. मळ्यांच्या उतारावर चाळीसारख्या, एकाला एक लागून असलेल्या खोल्या आजही दिसतात. त्यांना तेथे ‘लाइन’ म्हणतात. छायाचित्र काढताना बहुतेक प्रवासी त्या खोल्या चौकटीबाहेर ठेवतात. प्रवासवर्णनेही तेच करतात.

डोंगर उतरून उत्तरेकडे निघाल्यावर सिगिरिया लागते. पाचव्या शतकातील कश्यप राजाच्या या शिळादुर्गावर एक गुळगुळीत भिंत आहे. तिच्यावर पुढच्या काळातील प्रवाशांनी, मुख्यतः आठव्या ते दहाव्या शतकात, सिंहली पद्ये कोरली. सेनरत परणवितान यांनी त्यांतील ६८५ पद्ये वाचून १९५६ मध्ये प्रसिद्ध केली. वर रंगवलेल्या स्त्रियांविषयीच त्यांतली बरीचशी आहेत. पण कित्येकांनी सोबत आपले नाव आणि गावही कोरले आहे. आपण कोण, कोठून आलो, हे सांगून मग सौंदर्याविषयी बोलावे, ही रीत आम्हाला आधुनिक वाटली.

पुढे जाफन्याचा रस्ता. युद्धकाळात तो अनेक वर्षे बंद होता. एलिफंट पासच्या खाजणावरून पलीकडे गेले की हिरवळ विरळ होते आणि ताडाची झाडे सोबत करू लागतात. हेही दृश्य सुंदर आहे. पण याच अरुंद वाटेसाठी १९९१, २००० आणि २००९ मध्ये लढाया झाल्या. जाफना शहरातील पांढरेशुभ्र सार्वजनिक ग्रंथालय पर्यटकांच्या यादीत ‘सुरेख वास्तू’ म्हणून असते. १९८१ मध्ये ते जाळले गेले आणि सुमारे ९७ हजार ग्रंथ, ताडपत्रांवरील हस्तलिखितांसह, राख झाले. जाळणाऱ्यांत पोलीसही होते. तमिळ कवी एम. ए. नुहमान यांनी या घटनेवर लिहिलेल्या कवितेत प्रत्यक्ष बुद्धाचीच हत्या होते. साहित्याच्या विद्यार्थ्याने या पायऱ्यांवर उभे राहून केवळ घुमटाचे कौतुक करावे काय?

यावर आक्षेप येईल, की प्रवासवर्णन म्हणजे इतिहासाचे पाठ्यपुस्तक नव्हे. वाचकाला आनंद हवा असतो. आक्षेप खोटा नाही, पण त्यात आनंद आणि जाणीव यांचे वैर गृहीत धरले आहे. गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ आपण आजही वाचतो. आपण द्रव्यार्जनासाठी निघालो हे ते लपवत नाहीत, आणि तीर्थांचे वर्णन करणारी त्यांची लेखणी झाशीतील कत्तलीपाशी तोंड फिरवत नाही. त्या पुस्तकाची गोडी यामुळे कमी झाली, असे कोण म्हणेल?

मित्रांच्या सहलीतून जन्मणाऱ्या लेखनात धोका अधिक असतो. तेथील ‘आम्ही’ स्वतःतच रमलेला असतो. गाडीतल्या कोट्या, जेवणावळी आणि फजित्या यांनी पाने भरतात, आणि बेट मागच्या पडद्यासारखे सरकत राहते. आमच्याही गाडीत हसणे-खिदळणे पुष्कळ झाले. ते वाईट नाही. परंतु वर्गात प्रवासवर्णन शिकवताना अध्यापकांनी एक साधा प्रश्न अवश्य विचारावा : या पुस्तकात त्या भूमीवरचा एक तरी माणूस सेवक, वाटाड्या किंवा शोभेची वस्तू न होता आला आहे काय? उत्तर नकारार्थी असेल, तर शैली कितीही प्रसन्न असो, लेखक त्या बेटावर पोहोचलाच नाही असे आम्ही म्हणू.