फोनला कुलूप, कार्ड उघड्यावर

लोकलच्या गर्दीत खिशातून मोबाइल गेला की एके काळी हळहळ वाटे ती त्याच्या किमतीची आणि फार तर त्यात साठवलेल्या दूरध्वनी क्रमांकांची. आज त्याच खिशात बँकेचे व्यवहार, आधार कार्डाचे छायाचित्र, डॉक्टरांचे अहवाल, कार्यालयातील कागदपत्रे आणि घरातल्या मुलाबाळांची छायाचित्रे असतात. चोराला बहुधा यंत्र विकून पैसे करायचे असतात; पण ते यंत्र पुढे ज्याच्या हाती पडेल, त्याला काय हवे असेल याची हमी कोण देणार? ही चिंता वाहण्याचे काम फोन बनविणाऱ्यांनी बऱ्याच अंशी आपल्या शिरावर घेतले आहे. मात्र बऱ्याच अंशीच.

पडद्यावरचे कुलूप आणि एन्क्रिप्शन या दोन गोष्टी अनेकांना एकच वाटतात. पहिली दाराची कडी आहे. दुसरीत घरातला प्रत्येक कागदच अशा सांकेतिक लिपीत लिहिलेला असतो की दार मोडून आत शिरणाऱ्यालाही त्याचा अर्थ लागू नये. अँड्रॉइड फोनमध्ये ही सोय २०११ पासून होती, पण ती ज्याची त्याने सुरू करायची असे आणि फोन संथ होतो म्हणून फारसे कोणी तिच्या वाटेला जात नसे. अ‍ॅपलने २०१४ मध्ये आयफोनमधील बहुतेक माहितीची किल्ली वापरकर्त्याच्या पासकोडशी बांधली. गुगलने पुरेशा वेगाच्या नव्या फोनना २०१५ मध्ये, तर सर्वच नव्या फोनना २०१९ मध्ये एन्क्रिप्शन सक्तीचे केले. म्हणजे आज दुकानातून येणारा साधा फोनही मुळातच कूटबद्ध असतो; त्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही.

करावे लागते ते एकच, आणि तेथेच पाणी मुरते. पासकोड चार आकडी असेल तर शक्यता अवघ्या दहा हजार. अ‍ॅपलच्या रचनेत एक पासकोड पडताळण्यास सुमारे ८० मिलिसेकंद लागतात. चुकीच्या प्रयत्नांवरील मर्यादा कोणी निकामी केली, तर चार आकड्यांचा सारा पसारा पाव तासाच्या आत संपतो. सहा आकड्यांना जवळपास एक दिवस लागतो. अक्षरे आणि आकडे मिसळले की हिशेब वर्षांत जातो. अमेरिकेत सॅन बर्नार्डिनो येथील डिसेंबर २०१५ च्या हत्याकांडानंतर हल्लेखोराचा आयफोन उघडण्यासाठी एफबीआयने न्यायालयामार्फत अ‍ॅपलकडे मागितले होते ते नेमके हेच, प्रयत्नांवरील मर्यादा काढून टाकणारी प्रणाली. अ‍ॅपलने नकार दिला आणि मार्च २०१६ मध्ये तिसऱ्याच कोणाच्या मदतीने फोन उघडल्याचे सांगून सरकारने अर्ज मागे घेतला. आपल्याकडे सप्टेंबर २०१५ मध्ये केंद्राच्या एन्क्रिप्शन धोरणाच्या मसुद्याने नागरिकांनी कूटबद्ध संदेशांचा मूळ मजकूर ९० दिवस जपून ठेवावा, असे म्हटले होते. गदारोळ होताच काही दिवसांत तो मागे घ्यावा लागला. आरोपीने पासवर्ड सांगावा की नाही, यावरही न्यायालयांत एकवाक्यता नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पासवर्ड देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष नव्हे असे मानले, तर दिल्लीतील सीबीआयच्या विशेष न्यायालयाने २०२२ मध्ये तशी सक्ती नाकारली. बोटाच्या ठशाला मात्र हे संरक्षण नाही. सर्वोच्च न्यायालयाने ‘मुंबई राज्य विरुद्ध काथी कालू ओघड’ या खटल्यात १९६१ मध्येच ते स्पष्ट केले आहे.

एवढा खल झाला तो फोनच्या पोटातील साठ्याचा. त्याच्या बाजूच्या खाचेत बसणाऱ्या मेमरी कार्डाकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. कोणत्याही संगणकात घातले की वाचता यावे, हा तर कार्डाचा गुणच. पण तोच त्याचा दोषही आहे. सहा नव्हे, सोळा आकडी पासकोड लावलेल्या फोनमधूनही कार्ड नखाने बाहेर निघते आणि दहा सेकंदांत त्यातील छायाचित्रे दुसऱ्याच्या पडद्यावर येतात. महागड्या फोननी ही खाच केव्हाच बुजवली. आयफोनमध्ये ती कधीच नव्हती. ती उरली आहे मुख्यतः स्वस्त फोनमध्ये. म्हणजे कमी साठ्याचा फोन परवडतो म्हणून कार्ड घेणाऱ्याच्याच वाट्याला दुबळे संरक्षण येते.

उपाय नाही असे नाही. अँड्रॉइडने २०१५ पासून कार्ड फोनच्याच साठ्याचा भाग करून घेण्याची सोय दिली. त्यात कार्ड आधी कोरे केले जाते, मग कूटबद्ध होते आणि त्या एकाच फोनशी बांधले जाते. सर्व कंपन्यांनी ती ठेवलेली नाही. सॅमसंगच्या खाच असलेल्या फोनमध्ये त्याऐवजी कार्ड कूटबद्ध करण्याचा वेगळा पर्याय सेटिंग्जमध्ये मिळतो. दोन्हींत किल्ली फोनमध्ये राहते. चोराच्या हाती नुसते कार्ड लागले तर त्याला निरर्थक आकड्यांपलीकडे काही दिसत नाही.

जुना फोन विकतानाही हाच फरक आडवा येतो. फाइल ‘डिलीट’ केली की साध्या कार्डावरून सहसा तिची नोंद तेवढी जाते. मजकूर त्या जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तसाच राहतो आणि सहज मिळणाऱ्या सॉफ्टवेअरने वर काढता येतो. केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी पाच कंपन्यांचे २१ वापरलेले अँड्रॉइड फोन तपासले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, ‘फॅक्टरी रिसेट’ करूनही त्यांत संदेश, छायाचित्रे यांचे अवशेष सापडले होते. ते फोन एन्क्रिप्शन सक्तीचे होण्यापूर्वीचे. आजच्या फोनमध्ये रिसेट म्हणजे किल्लीच नष्ट करणे. मागे राहतो तो न वाचता येणारा कचरा. कार्ड मात्र वेगळे काढून घ्यायला हवे, कारण फोनबरोबर तेही सहीसलामत नव्या मालकाकडे जाते. दुरुस्तीला फोन टाकतानाही तेच.

किल्ली फोनमध्ये असण्याची किंमतही मोजावी लागते. फोन पाण्यात पडला, मदरबोर्ड गेला किंवा कार्डाचे एन्क्रिप्शन न उलगडताच कोणी रिसेट केले, तर धडधाकट कार्डातील दहा वर्षांची छायाचित्रे मालकालाही दिसत नाहीत. तेव्हा कार्ड कूटबद्ध करण्याआधी त्यातील सर्व काही संगणकावर किंवा वेगळ्या डिस्कवर उतरवून घ्यावे, आणि त्या डिस्कलाही पासवर्ड असावा.