स्वेच्छेचे माप कोणाच्या हाती?

नेमून दिलेल्या कामापलीकडे कर्मचारी आपखुशीने जे करतो, म्हणजे नवख्याला काम शिकवणे, आजारी सहकाऱ्याचे टेबल सांभाळणे, त्याला व्यवस्थापनशास्त्रात ‘संघटनात्मक नागरिकत्व वर्तन’ असे भारदस्त नाव आहे. अमेरिकेतील डेनिस ऑर्गन यांनी 1988 साली त्यावर ग्रंथ लिहिला आणि उपशीर्षकातच अशा कर्मचाऱ्याला ‘चांगला सैनिक’ ठरवले. नागरिक म्हणायचे आणि सैनिक समजायचे!

1990 मध्ये पॉडसाकॉफ व सहकाऱ्यांनी यासाठी 24 विधानांची प्रश्नावली बनवली. परोपकार, सौजन्य, कर्तव्यदक्षता, नागरी जाणीव आणि खिलाडूवृत्ती हे तिचे पाच भाग. खिलाडूवृत्ती म्हणजे कुरकुर न करता सोसणे. ‘क्षुल्लक गोष्टींच्या तक्रारीत वेळ घालवतो’ अशा विधानाला होकार आला की गुण कापले जातात. हा होकार बहुधा साहेबच देतो. परंतु क्षुल्लक काय हे ठरवायचे कोणी? कार्यालयात पाण्याचा वेगळा ग्लास ठेवला, ही तक्रार क्षुल्लक समजायची काय?

हे माप सर्वत्र चालत नाही, हे संशोधकांनाही कळून चुकले आहे. 1997 मध्ये फार, अर्ली व लिन यांनी तैवानमध्ये तेथील लोकांकडूनच उदाहरणे गोळा केली, तेव्हा खिलाडूवृत्ती आणि सौजन्य हे भाग निघालेच नाहीत. सलोखा राखणे, कंपनीची साधने जपणे हे निघाले. 1999 मधील एका अभ्यासात, अमेरिकेत जे ऐच्छिक समजतात त्यातले काही हाँगकाँग व जपानमध्ये नोकरीचाच भाग मानले जाते, असे आढळले.

मग आपल्या देशात काय? येथे ‘जादा काम’ या शब्दाला इतिहास आहे. महार वतनात कामाला वेळेची मर्यादा नव्हती, नकाराची सोय नव्हती. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात त्याविरुद्ध विधेयक आणले. वतन कायद्याने संपायला 1958 उजाडले. संविधानाच्या अनुच्छेद 23 ने वेठबिगारीला बंदी केली. एशियाड मजुरांच्या खटल्यात 1982 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की भुकेची, गरिबीची सक्ती हीसुद्धा सक्तीच होय.

माझ्या एका पक्षकाराच्या, एका शिपायाच्या, गोपनीय अहवालात ‘सहकार्याची वृत्ती नाही’ असा शेरा होता. त्याने साहेबांच्या घरचे सामान हलवायला नकार दिला होता, एवढेच. त्याच कार्यालयात न बोलता सामान उचलणारा ‘परोपकारी’ ठरला असता.

म्हणून भारतात हे माप वापरायचेच असेल तर प्रत्येक विधानापुढे एक प्रश्न हवा: नाही म्हटले असते तर काय झाले असते? त्याचे उत्तर साहेबाने नव्हे, कर्मचाऱ्याने द्यावे. सरकारी नोकराच्या गोपनीय अहवालातील प्रत्येक नोंद त्याला कळवलीच पाहिजे, असा निकाल देव दत्त खटल्यात 2008 सालीच लागला आहे. वर्तनाचे गुण मात्र बंद पाकिटात का? आपल्या कर्मचारी संघटनांनी पुढच्या बैठकीत व्यवस्थापनाकडे प्रश्नावलीची प्रत लेखी अर्जाने मागावी आणि अर्जाची पोच घ्यावी.