पडीक जागा दाखवायचा धंदा करताय? मग माल कोणता ते आधी ओळखा



‘कमी भांडवलात काय सुरू करता येईल?’ असं विचारलं की हल्ली तरुण मंडळींकडून एक कल्पना हमखास येते: पडीक जागांच्या टूर. बंद पडलेल्या खाणी, ओसाड चौक्या, जुनी भुयारं. परदेशातल्या वाळवंटात सोडून दिलेल्या खाणींमध्ये बॅटरी घेऊन शिरणाऱ्यांचे व्हिडिओ सगळ्यांनीच पाहिलेत. गाडी आहे, मोबाईल आहे, इन्स्टाग्रामवर ओळखी आहेत, मग आपण का नाही?

माझं मत सरळ सांगतो. धंदा चांगला आहे. फक्त त्यात विकायचा माल कोणता, ते बहुतेकांना कळलेलं नाही. ‘आत नेतो’ हा माल समजून सुरुवात केलीत तर एक दिवस कुणाच्या तरी जिवावर बेतेल. ‘ही जागा कशी चालायची ते सांगतो’ हा माल धरलात तर धंदा टिकेल.

कात्रजलाच बघा

लांब जायला नको. कात्रजच्या तलावापासून शनिवारवाड्यापर्यंत नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, जमिनीखालून नळ बांधला गेला. पंप नाही, वीज नाही. कात्रज उंचावर आणि पेठा खाली, एवढ्या उतारावर पाणी शहरात यायचं आणि हौदांमध्ये पडायचं. वाटेत जागोजागी उच्छ्वास ठेवले होते. नळातली हवा त्यांतून बाहेर पडायची आणि गाळ काढायला माणूसही उतरायचा. काही भागात नळ इतका उंच आहे की माणूस उभा राहून चालू शकेल.

आता ‘पेशवेकालीन गुप्त भुयारात एक रात्र’ अशी जाहिरात करायचा मोह होणारच. थांबा. जुन्या बंदिस्त नळात हवा खेळती नसते. शहराचं सांडपाणी मुरलं असेल तर विषारी वायू साचतो. ड्रेनेजच्या चेंबरमध्ये उतरलेली माणसं गुदमरून दगावल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. गिऱ्हाईकाला तुम्ही तशाच जागी नेणार आहात का?

उलट तलाव, वरून दिसणारे उच्छ्वास आणि पेठांतला हौद यांना जोडणारी तीन तासांची फेरी करा. हातात एक साधा नकाशा द्या. पारदर्शक पाइप आणि दोन बाटल्या घेऊन उतारावरून पाणी कसं जातं ते तिथंच दाखवा. सातवीतला पोरगाही घरी जाऊन आजीला समजावून सांगेल. ती आजी पुढच्या रविवारी येईल.

खाणींचंही तसंच. कात्रज-कोंढवा रस्त्यावर खडी मशीन चौक आहे. पीएमटीतून जाताना रोज नाव ऐकतो, पण खडी कुठून यायची हे कुणी विचारत नाही. आपला काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट. तो सुरुंगानं फोडायचा, क्रशरमध्ये घालायचा आणि मग घरं, रस्ते बांधायचे. पुणं ज्या दगडावर वाढलं त्याची ही गोष्ट आहे.

पण बंद खाणीच्या काठावर फोटो काढायला लोकांना उभं करू नका. सुरुंगामुळे भिंतीतले दगड आतून सुटे झालेले असतात. खाली साचलेलं पाणी तळ्यासारखं उथळ सुरू होत नाही. पहिल्याच पावलाला खोल असतं, आणि बाहेर यायला कड मिळत नाही. पोहता येणारेही अशा पाण्यात बुडतात.

जुन्या बोगद्याजवळून डोंगररांगेनं सिंहगडाकडे जाणारा ट्रेक तर अनेकजण रात्री करतात. तिथं सांगण्यासारखं भरपूर आहे: घाटवाट कुठली, गडावरून कुठवर नजर जाते, पहारा इथंच का. फक्त फेकू नका. १६६३ साली महाराजांनी लाल महालात शाहिस्तेखानावर छापा घातला, हा इतिहास. त्या रात्री कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना पलिते बांधून मोगलांना चकवलं, ही पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी गोष्ट. दोन्ही सांगा, पण कुठलं काय आहे तेही सांगा. खरं बोलणाऱ्या गाइडकडेच शाळा मुलांना पाठवते.

‘पण लोकांना थ्रिलच हवं असतं!’

हे मला नेहमी ऐकवलं जातं. म्हणून दोन जागा सांगतो.

अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये बोडी नावाचं सोन्याच्या खाणीचं ओस पडलेलं गाव आहे. १९६२ पासून ते राज्याचं ऐतिहासिक उद्यान आहे. बहुतेक घरं लोक खिडकीच्या काचेतून बघतात आणि जुनी गिरणी गाइडबरोबर. आफ्रिकेत नामिबियाच्या वाळवंटात कोल्मान्सकोप आहे. १९०८ मध्ये तिथं हिरे सापडले, गाव उभं राहिलं, आणि १९५६ पर्यंत रिकामं झालं. आज खोल्यांत गुडघाभर वाळू आहे, आणि परवाना घेऊन लोक जगभरातून ती बघायला जातात. दोन्ही जागा नियम पाळून चालतात, तरी गर्दी आहेच.

त्याच अमेरिकेत सोडून दिलेल्या खाणींत लोक मरतात म्हणून सरकारला ‘बाहेर राहा, जिवंत राहा’ अशी मोहीम चालवावी लागते. व्हिडिओत हे दिसत नाही.

कागद आणि हिशोब

जागा ओसाड दिसते म्हणजे ती बेवारस नसते. सातबारा काढा. मालक खाजगी असेल, वनखातं असेल, महापालिका असेल किंवा पुरातत्त्व खातं. परवानगी लेखी घ्या. ट्रेकिंगसारखे साहसी उपक्रम घेणार असाल तर राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी लागते. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका.

‘जबाबदारी माझी’ अशी सही फॉर्मवर घेतली की आपण सुटलो, हा समज डोक्यातून काढा. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गिऱ्हाईकाची सही तिथं ढाल होत नाही.

आता आकडे. समजा १५ जण, माणशी ३०० रुपये. जमा ४,५००. मदतनीस ८००, चहा-नाश्ता ९००, विमा, प्रथमोपचार आणि नकाशांची छपाई ४००, जाहिरात ५००. खर्च २,६००. हातात १,९००. महिन्यात तीन फेऱ्या भरल्या तर ५,७००. पावसाळ्यात याहून कमी धरा. एवढ्यात घर चालणार नाही, म्हणून नोकरी लगेच सोडू नका. पण शाळा, सोसायट्या आणि कंपन्या जोडल्यात तर हाच आकडा वाढतो. आणि त्या मंडळींचा पहिला प्रश्न असतो, ‘सुरक्षित आहे ना?’

शिवाय भुयारात एकदा शिरून आलेला माणूस पुन्हा येत नाही, त्याचा फोटो झालेला असतो. आणि उद्या दुसरा कुणी त्याच भुयारात २०० रुपयांत नेईल. तुमचा अभ्यास मात्र त्याला तितक्या सहज उचलता येणार नाही.

या रविवारचा गृहपाठ

तुमच्या घरापासून पाच किलोमीटरच्या आतली एक पडीक जागा निवडा. ती कुणी बांधली, कशी चालायची, का बंद पडली, मालक कोण, धोका कुठे, ही पाच उत्तरं एका पानावर लिहा. मग ते पान शेजारच्या काकूंना वाचून दाखवा. त्यांनी ‘मला पण ने की रे तिथं’ असं म्हटलं, तर तुमचं पहिलं तिकीट खपलं असं समजा.