दोष भिंतीचा, बोलणी भाडेकरूला

घरात कपडे वाळत घालू नका, भांड्यांवर झाकण ठेवा, रोज थोडा वेळ खिडक्या उघडा. उत्तर इंग्लंडमधल्या काउन्सिलच्या किंवा हाउसिंग असोसिएशनच्या घरात बुरशी आली अशी तक्रार केली, की असलं माहितीपत्रक हातात पडणं ही वर्षानुवर्षांची रीत. बाहेर २ अंश तापमान, चार दिवस पावसाची रिपरिप, हीटिंगचं मीटर प्रीपेड, आणि म्हणे खिडक्या उघडा!

आपल्या धंद्यात याला 'युजर एरर' म्हणून तिकीट क्लोज करणं म्हणतात.

हे चिडून लिहितोय, कारण रॉचडेलमध्ये असंच एक तिकीट क्लोज झालं होतं. डिसेंबर २०२० मध्ये तिथे अवाब इशाक नावाचा दोन वर्षांचा मुलगा वारला. नोव्हेंबर २०२२ मध्ये कोरोनरने स्पष्ट सांगितलं की कारण घरातली बुरशी, आणि त्या घरातलं वायुवीजन पुरेसं नव्हतं. वडिलांनी २०१७ पासून तक्रारी केल्या होत्या. त्यांना वरून रंग मारा असं सांगण्यात आलं. पुढे वकिलामार्फत दावा केला, तर दावा मिटेपर्यंत दुरुस्तीला हात लावायचा नाही असा तिथला शिरस्ता. आणि कुटुंब सुदानचं, तेव्हा अंघोळीच्या नि स्वयंपाकाच्या सवयींमुळे ओल येत असणार, असं गृहीत धरलं गेलं. (बादली-तांब्याने अंघोळ करणाऱ्या, कुकरच्या तीन शिट्ट्या घेणाऱ्या आपण सगळ्यांनी इथे जरा थांबावं.) ते गृहीतक चुकीचं होतं, हे घरमालक संस्थेने नंतर कबूल केलं.

आता सवयी सोडा, साधं गणित करू. खोलीत २० अंश, बाहेर ० अंश. जुनी नऊ इंची विटांची भिंत, इन्सुलेशन नाही. तिचं यू-व्हॅल्यू धरा साधारण २, म्हणजे एका चौरस मीटरमधून ४० वॅट उष्णता बाहेर चालली आहे. अशा भिंतीचा आतला पृष्ठभाग १५ अंशांच्याही किंचित खाली जातो. खोलीतली सापेक्ष आर्द्रता ६० टक्के असेल, आणि माणसं राहतात म्हटल्यावर ती असणारच, तर त्या गार पृष्ठभागापाशी ती ८० च्या वर जाते. बुरशीला तेवढं पुरतं, पाण्याचे थेंब दिसायची वाट ती बघत नाही. कोपऱ्यात, कपाटामागे तर अजून गार. आता त्याच भिंतीचं यू-व्हॅल्यू इन्सुलेशनने ०.३ वर आणा. पृष्ठभाग १९ अंशांच्या वर राहतो आणि भिंतीतून जाणारी उष्णता जवळजवळ सातपट कमी होते. कुटुंब तेच, कुकर तोच, सवयी त्याच. बदलली फक्त भिंत.

मग लावा की इन्सुलेशन, झालं? नाही ना! प्रेस्टनच्या फिशविक भागात २०१३ मध्ये सरकारी योजनेखाली घरांना बाहेरून इन्सुलेशन लावलं. काम इतकं वाईट झालं की पाऊस आत शिरला आणि शेकडो घरांत ओल नि बुरशी आली. बरं, हा धडा तरी घेतला का? ऑक्टोबर २०२५ मध्ये नॅशनल ऑडिट ऑफिसने सांगितलं की नंतरच्या दोन योजनांत बाहेरून केलेल्या भिंतींच्या इन्सुलेशनपैकी ९८ टक्के घरांत दुरुस्ती करावीच लागेल अशा मोठ्या चुका आहेत. ९८! रँडम नंबर जनरेटरनेही यापेक्षा बरं काम केलं असतं.

याचं मूळ मला मोजण्याच्या पद्धतीत दिसतं. घराला मिळणारं ईपीसी नावाचं प्रगतिपुस्तक हे मॉडेलवर चालतं, मीटरवर नाही. भिंतीत काय आहे याचा पुरावा नसेल तर बांधकामाच्या काळावरून अंदाज धरतात. काम झालं की ग्रेड वाढते, मग आत पाणी गळो. टेस्ट पास, प्रोग्रॅम क्रॅश. आणि घराच्या फटी बुजवून हवा जायला वाट ठेवली नाही, तर बिल कमी होईलही, पण वाफ आतच.

नीट करता येतं हे ग्लासगोने दाखवलं आहे. निड्री रोडवरची शंभर वर्षांहून जुनी दगडी टेनेमेंट, आठ फ्लॅट, मालक एक हाउसिंग असोसिएशन. इन्सुलेशन, हवाबंद सांधे, चांगल्या खिडक्या, आणि बाहेर जाणाऱ्या हवेची उष्णता आत येणाऱ्या हवेला देणारं वायुवीजन, हे सगळं एकत्र केलं. महाग पडतं, मान्य. पण फिशविक स्वस्त पडलं असं कोणी म्हणेल का?

इंग्लंडमध्ये आता अवाबच्या नावाचा कायदा आहे. २७ ऑक्टोबर २०२५ पासून तातडीचा धोका २४ तासांत निवारायचा, गंभीर ओल-बुरशीची तपासणी कामाच्या १० दिवसांत, आणि धोका आढळला तर पुढच्या ५ दिवसांत घर सुरक्षित करायचं. चांगलंच आहे. माझी मागणी एवढीच की त्या १० दिवसांत येणाऱ्या माणसाच्या बॅगेत एक साधं इन्फ्रारेड थर्मामीटर असावं, आणि त्याच्या अहवालाची पहिली ओळ भिंतीच्या तापमानाची असावी. दुसरी, एक्झॉस्ट फॅन खरोखर किती हवा ओढतो त्याची. माहितीपत्रक नंतर द्या हवं तर.