देवाच्या नावावर माणसांची उधारी

गेल्या आठवड्यात एका जुन्या विद्यार्थ्याच्या वास्तुशांतीला गेलो होतो. यवतमाळहून दारव्हा रोडनं लोहाऱ्याकडे निघालं की नवे ले-आउट पडले आहेत, तिथे त्याचं दुमजली घर. संगमरवरी देवघर आणि दारावर पितळी अक्षरांत 'श्रीकृपा'. पोरगा हुशार, पुण्याला चांगल्या पगारावर आहे. जेवणाआधी माईक घेऊन दोन शब्द बोलला, "आज मी जो काही आहे, तो फक्त देवाच्या कृपेनं आहे." टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

त्या वेळी त्याचे वडील मांडवाच्या मागे वाढप्यांना पाण्याचे जार कुठे ठेवायचे ते दाखवत होते. या माणसानं पोराच्या इंजिनिअरिंगसाठी सहा एकरांतलं चार एकर वावर विकलं. मला ठाऊक आहे, कारण तेव्हा तो माझ्याच घरी आला होता. ओसरीवर बसून त्यानं विचारलं होतं, "गुरुजी, वावर इकू का नको? पोराचं शिक्षण होते तं इकून टाकतो." मी म्हणालो, विका. त्यानं विकलं. आणि आज पोराच्या भाषणात त्या चार एकरांना एक ओळसुद्धा मिळाली नाही!

घरी परतताना ऑटोत तो 'फक्त' मला टोचत राहिला. देवाच्या कृपेबद्दल माझं काही म्हणणं नाही. मी रोज पूजा करणारा माणूस आहे, चतुर्थीला जमेल तेव्हा कळंबच्या चिंतामणीला जातो. तेव्हा 'गुरुजी म्हातारपणी नास्तिक झाले' असं कुणी समजू नये. माझं भांडण त्या 'फक्त'शी आहे.

कारण सगळं श्रेय देवाला देऊन टाकलं की एक मोठी सोय होते. देव बिल पाठवत नाही. नारळ फोडला, अभिषेक केला, आरतीत पाचशेची नोट टाकली की आपण मोकळे. माणसाचं श्रेय कबूल केलं की मात्र हिशेब सुरू होतो. बापानं वावर विकलं असं चारचौघांत म्हटलं, तर बाप मांडवाच्या मागे का, असा प्रश्न लगेच उभा राहतो. तो प्रश्न टाळायचा असेल तर 'देवाची कृपा' म्हणण्याइतकं सोपं काही नाही. स्पष्टच सांगतो, आपण देवाचं नाव घेतो आणि माणसांची उधारी बुडवतो.

आपल्या परंपरेला हे मान्य आहे, असं कुणी सांगू नये. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ही तीन ऋणं आपण लहानपणापासून ऐकतो. शतपथ ब्राह्मणात मात्र चार सांगितली आहेत, आणि चौथं आहे मनुष्यऋण. ज्यांनी हे सांगितलं ते काही देव न मानणारे नव्हते. देवाचं देणं फेडलं की माणसाचं आपोआप फिटतं, असं त्यांना वाटलं असतं तर वेगळं चौथं खातं त्यांनी कशाला उघडलं असतं? आपण मात्र ते खातंच वहीतून फाडून टाकलं.

बरं, हे फक्त घरापुरतं आहे का? ज्या लोहाऱ्याच्या वाटेवर तो बंगला उभा आहे, तिथलीच गोष्ट घ्या. १९३० साली गांधीजी मीठ उचलायला दांडीला गेले. आमच्या वऱ्हाडाला समुद्र नाही. दहीहंड्याला खाऱ्या विहिरीच्या पाण्यातून मीठ काढून लोकांनी कायदा मोडला, पण तशा विहिरी काही सगळीकडे नव्हत्या. इथल्या माणसाला रोज नडणारा कायदा होता तो जंगलाचा. राखीव जंगलात गुरं चारायची, गवत कापायचं, सरपण आणायचं, तर परवाना हवा आणि पैसे मोजायला हवेत. म्हणून १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला सरकारी जंगलातलं गवत कापलं आणि ते तुरुंगात गेले. त्याच महिन्यात, २१ जुलैला, नागपूरहून आलेल्या डॉ. हेडगेवारांनी आपल्या साथीदारांसह लोहाऱ्याच्या जंगलात गवत कापलं आणि त्यांनी अकोल्याचा तुरुंग पाहिला. पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या, पण तो पावसाळा दोघांचाही होता.

आणि तो त्यांच्याहून जास्त होता बिननावाच्या माणसांचा. मध्यप्रांत-वऱ्हाडात त्या वर्षी हजारो गोंड आणि इतर आदिवासी या सत्याग्रहात उतरले. याच प्रांतात, शिवनी जिल्ह्यातल्या तुरिया इथे, ९ ऑक्टोबर १९३० रोजी गोळीबार झाला आणि तीन बाया आणि एक पुरुष मेले. गवतासाठी! एक भारा गवत कापण्याचा हक्क मागताना चार जीव गेले. आज आपण सातबारा हातात घेऊन बँकेत जातो, प्लॉट पाडतो, बंगला बांधतो. आपली जमीन आपली म्हणायचा हा हक्क आकाशातून पडलेला नाही.

मी नोकरीत असताना एका १५ ऑगस्टला दहावीच्या वर्गात विचारलं होतं, "बापूजी अणे कोण?" एका पोरानं मोठ्या उत्साहानं हात वर केला, "सर, कॉलेज!" वर्ग हसला, मीही हसलो. पण रात्री झोप लागली नाही. दोष पोराचा नव्हता. त्याला आम्ही पाटी दाखवली होती, माणूस दाखवला नव्हता.

वणीत १८८० साली जन्मलेल्या या माणसानं काय केलं बघा. टिळक हे त्याचे गुरू. ते गेल्यावर अनेक दशकांनी, म्हातारपणी, बापूजींनी टिळकांवर 'श्रीतिलकयशोर्णव' नावाचं संस्कृत महाकाव्य लिहिलं, बारा हजारांच्या आसपास श्लोकांचं. बापूजी २६ जानेवारी १९६८ रोजी गेले आणि त्यांच्या पश्चात १९७३ साली त्या ग्रंथाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. बापूजी भाविक होते. 'सगळी देवाची कृपा' म्हणून तेही स्वस्थ बसू शकले असते. त्यांनी माणसाचं ऋण फेडायला हजारो श्लोक लिहिले. आपल्याला एक ओळ जड जाते.

आता कुणी पुरोगामी मित्र म्हणेल, "गुरुजी, मग देवच काढून टाका ना मधून. भानगडच नको." त्यालाही माझं उत्तर आहे. देव मधे आल्यामुळे माणूस विसरला जातो, हे खरं असतं तर आमच्या विदर्भात गाडगेबाबा झालेच नसते. कीर्तनात देवाचं नाव आणि दिवसभर हातात खराटा. लोकांनी दिलेल्या पैशातून पंढरपूर, नाशिक, मुंबईला धर्मशाळा उभ्या राहिल्या. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज खंजिरी वाजवून भजनच म्हणत होते ना? तरीही १९४२ च्या ऑगस्टमध्ये आष्टी-चिमूर पेटल्यावर इंग्रजांनी त्यांना पकडून तुरुंगात टाकलं. ज्या भजनानं माणूस जागा होतो, त्या भजनाची सरकारला भीती वाटते. आमच्या नवरात्रातल्या डीजेची भीती फक्त शेजारच्या हृदयरोग्याला वाटते. यवतमाळचा दुर्गोत्सव मोठा म्हणून आपण छाती फुगवतो, त्याबद्दल राग नाही. पण त्या नऊ दिवसांत, त्या रोषणाईत, ज्यांच्यामुळे आपण इथवर आलो त्यातल्या एका तरी माणसाचं नाव घ्यायला काय हरकत आहे?

आणि शेतकऱ्याच्या घरात हे शहाणपण मुळातच आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचा खांदा शेकतात, त्याला तूप-हळद लावतात. वर्षभर ज्या खांद्यावर जू ठेवलं, त्या खांद्याची ही आठवण. कापसाच्या पहिल्या वेचणीला बाया वावरात दगड मांडून सीतादही करतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात आणि मगच ओटी बांधून कामाला लागतात. देव आणि कष्ट एकाच तासात, एकाच वावरात. बैलाचं ऋण मानणारी ही संस्कृती. मग शिकून शहरात आल्यावर माणसाचं ऋण मानताना आपली जीभ का अडखळते?

'देवाची कृपा' याच शब्दांचा एक जुळा भाऊ आहे, 'देवाची मर्जी'. माझं चांगलं झालं ती कृपा, शेजाऱ्याचं वाटोळं झालं ती मर्जी. १९ मार्च १९८६ रोजी आमच्याच जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवलं. त्यानंतर या जिल्ह्यात अशी किती घरं झाली ते तुम्ही-मी वर्तमानपत्रात वाचत आलो. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन याच जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले. तेव्हाही 'मर्जी' हा शब्द मी पांढरपेशा ओसरीवर ऐकला. अहो, कापसाचा भाव देव ठरवतो का? सावकाराचं व्याज देव लावतो का? फवारणीचा पंप पाठीवर घेणाऱ्याला मास्क द्यायचा नाही, हे देवानं सांगितलं होतं का? 'कृपा' म्हणून आपण देणं बुडवतो आणि 'मर्जी' म्हणून जबाबदारी बुडवतो. दोन्ही वेळी देव बिचारा गप्प बसतो.

२०१७ पासून दर १९ मार्चला काही माणसं करपे कुटुंबाच्या स्मरणार्थ एक दिवस अन्नत्याग करतात. मला हे खरं स्मरण वाटतं. त्यात हार नाही, फ्लेक्स नाही. पोट रिकामं राहिलं की आठवण आपोआप राहते.

आता एवढं बोलल्यावर माझंही सांगायला हवं. नाहीतर मास्तरांची खोड, दुसऱ्याच्या वहीत लाल शाई!

१९६२ साली वडील वारले तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. ताई सतरा वर्षांची, चौथी शिकलेली. आईच्या जोडीला तीही दुसऱ्याच्या वावरात जाऊ लागली. दिवाळीपासून होळीपर्यंत कापूस वेचायची. बोंडाची वाळलेली टोकं लागून तिची नखांजवळची कातडी सोललेली असे, रात्री ती बोटांना तेल लावत बसायची. त्या पैशातून माझी फी, पुस्तकं, पुढे यवतमाळात कॉलेजच्या खोलीचं भाडं. तिच्या लग्नासाठी साठवलेलं माझ्या बी.ए.त गेलं. तिचं लग्न उशिरा झालं आणि जिथे हुंडा मागणार नव्हते तिथे झालं. ते घर कसं होतं ते मी इथे लिहीत नाही.

२००७ साली मी निवृत्त झालो. शाळेत शाल-श्रीफळ झालं. मी वीस मिनिटं बोललो. परमेश्वराचे आभार मानले, संस्थाचालकांचे मानले, मुख्याध्यापकांचे, घंटा देणाऱ्या शिपायाचेही मानले. ताई तिसऱ्या रांगेत बसली होती, नवं लुगडं नेसून. तिचं नाव मी घेतलं नाही. मुद्दाम नाही, सुचलंच नाही! हेच तर भयंकर आहे.

रात्री लक्षात आलं तेव्हा तिच्याजवळ गेलो आणि बोललो. ती हसली. म्हणाली, "माहं नाव कायले घ्याचं माईकवर? देवाचं घेतलं ना, त्यातच आलो आपन सारे."

बरीच वर्षं मी या वाक्याच्या आडोशाला बसलो. तिनंच माफ केलं, मग काय! २०१९ साली ती गेली, तेव्हा तो आडोसाही गेला. देणाऱ्यानं हिशेब सोडून द्यावा, हा त्याचा मोठेपणा. तो मोठेपणा घेणाऱ्यानं आपल्या सोयीसाठी वापरू नये. आणि एक प्रश्न मला अजून सुटलेला नाही. त्याग माणूस स्वतः करतो, बळी दुसरे घेतात. ताईला कुणी विचारलं होतं का? मग तो तिचा त्याग होता, की मी घेतलेला बळी? आजवर मी आणि माझ्यासारख्यांनी 'आईचा त्याग', 'बहिणीचा त्याग' असे किती निबंध पोरांकडून लिहून घेतले असतील! हा प्रश्न एकदाही फळ्यावर लिहिला नाही.

"किती दिवस मागचं उगाळायचं, सर?" असं तरुण मंडळी विचारतात. बरोबर आहे. मेलेल्या माणसाला परतफेड करता येत नाही. पण देणं दुसरीकडे फेडता येतं. तुमच्या वावरात वेचणीला येणारीला ठरलेला भाव त्याच संध्याकाळी द्या. कामवालीच्या पोरीची फी भरा, आणि भरली हे कुणाला सांगू नका. घरातल्या म्हाताऱ्याला मांडवाच्या मागून पुढे आणून बसवा. मग खुशाल देवाचं नाव घ्या, त्यालाही ऐकायला बरं वाटेल.

माझ्या घराचं नाव 'गुरुकृपा'. गेल्या वर्षी पाटी रंगवायला काढली तेव्हा पेंटरला सांगून त्याखाली ताईचं नाव लिहून घेतलं. येणारे-जाणारे विचारतात, "सर, हे कोण?" मग सांगावं लागतं, वेचणीपासून सगळं. त्यासाठीच लिहिलं आहे.

बाबा रे, तुझ्या त्या पितळी अक्षरांच्या खाली बरीच जागा रिकामी आहे. मी पाहून आलो.