फोर्क केला ते ठीक, नाव का पुसलं?

आमच्या बुटीबोरीत 'शोले'चा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "छोड ना बे, सगळी सर्जिओ लिओनेची कॉपी आहे." म्हणणाऱ्याने लिओने रील्समध्ये पाहिलेला असतो. लिओनेने स्वतः कुणाचं उचललं, ते रीलमध्ये नसतं.

1964 चा 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' हा कुरोसावाच्या 1961 च्या 'योजिम्बो'वर सरळसरळ बेतलेला आहे. तेव्हा इटलीत हर्क्युलिसछाप सिनेमांचा धंदा बसत चालला होता, आणि जर्मनांनी कार्ल मायच्या कादंबऱ्यांवर युगोस्लाव्हियात वेस्टर्न काढून गल्ला भरून दाखवला होता. मग स्पेनचा माळ मेक्सिकोची सरहद्द झाला आणि लिओने पडद्यावर 'बॉब रॉबर्टसन' झाला. नट आपापल्या भाषेत बोलत, आवाज नंतर चढवला जाई. टेक्निस्कोप पद्धतीत एका फ्रेमला चारऐवजी दोनच छिद्रांइतकी फिल्म लागे, म्हणजे निम्मी बचत. पडदाभर पसरलेले ते डोळे या स्वस्तातल्या रुंद फ्रेममध्येच बसवलेत. कमी रॅमवर पळवलेल्या झकास कोडसारखं आहे हे! 'स्पॅगेटी' हे नाव मात्र हिणवायलाच पडलं.

म्हणून 'कॉपी' हा आरोपच मला आळशी वाटतो. फोर्क सगळेच करतात. गुन्हा आहे तो लायसन्स फाइल उडवण्याचा. लिओनेच्या श्रेयनामावलीत कुरोसावा नव्हता. प्रकरण कायद्यापर्यंत गेलं, तडजोड झाली, आणि जपानी बाजूला जगभरच्या कमाईतले 15 टक्के मिळाले.

आता आपलं बघा. 1975 च्या 'शोले'तल्या ठाकूरच्या कुटुंबाच्या हत्याकांडावर लिओनेच्या 1968 च्या 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'ची सावली आहे, मान्य. पण तो करकरणारा झोपाळा, लहान पोरावर रोखलेली बंदूक, आणि तिथून थेट आगगाडीवर मारलेला कट? तो कट एम. एस. शिंदे या मराठी संकलकाच्या टेबलावरचा. 'शोले'ला फिल्मफेअरची 9 नामांकनं होती. पुरस्कार एकच मिळाला, संकलनाचा, शिंद्यांना.

कालिया झालेले विजू खोटे आपल्याला पाठ आहेत, अहमद झालेला सचिनही. मी शिंद्यांचं नाव काढलं की समोरचा विचारतो, "कोण, ठाण्याचे?"